सूर्य मावळायच्या आत

हिलाल सरांच्या वहीत एक मुलगा रोज थोडा थोडा मंद होत चालला होता.

वही लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची होती आणि तिच्यात प्रत्येक धावपटूला एक पान दिलेलं होतं. तारीख, आणि तिच्यापुढे तीन मैलांना लागलेला वेळ. बाकी काही नाही. भटूचं पान उघडलं की सरांना बरं वाटायचं. जुलैत सोळा मिनिटं वीस सेकंदांत येणारा हा मुलगा आता पंधरा पन्नासवर आला होता. निंबाही सुधारत होता. गौतमचंदचं पान मात्र उलटं चाललं होतं. ऑगस्टात सोळा चाळीस. सप्टेंबरअखेर साडेसतरा. आणि आता, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बरोबर एकोणीस.

हे १९६६ सालचं. धुळ्यात पांझरा नदीच्या पलीकडे, देवपुरातल्या एका कॉलेजात हिलाल पाटील तीन वर्षांपासून शारीरिक शिक्षण शिकवत होते. मूळचे चोपड्याकडचे. लहानपणी केळीच्या बागांमधून शाळेपर्यंत पळत जायचे, पुढे अमरावतीला जाऊन रीतसर शिकून आले. पळणं ही शिकवता येण्यासारखी गोष्ट आहे, हे त्यांना मनापासून वाटायचं. कॉलेजात इतर कुणाला तसं वाटत होतं असं नाही.

जूनमध्येच प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं होतं.

"पाटील, तुमची पोरं रोज पळतात, मी खिडकीतून बघतो," ते म्हणाले. "पण पळून कुठे पोहोचताना दिसत नाहीत. डिसेंबरात जळगावला कॉलेजांची शर्यत आहे. तिथं आपला संघ पहिल्या तिनांत आला तर मी समितीपुढे तुमच्या बाजूनं बोलेन. नाही आला तर मैदान क्रिकेटला जाईल आणि तुम्ही पुन्हा हायस्कूलला. तिथं कवायतीला माणूस हवाच आहे."

प्राचार्य माणूस सरळ होता, आडून बोलला नाही, एवढंच काय ते बरं.

आता या शर्यतीचा हिशेब समजून घ्यायला हवा. प्रत्येक कॉलेजाचे सहा जण पळतात. त्यांतल्या पहिल्या पाचांचे क्रमांक धरायचे आणि त्यांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो संघ पुढे. म्हणजे एखादा भटू दुसरा-तिसरा आला म्हणून संघ तरत नाही. आपला पाचवा कितवा येतो, त्यावर सगळं अवलंबून. आणि हिलाल सरांकडे सहाच मुलं होती. सातवा शोधूनही सापडला नव्हता. गौतमचंद असाच ढेपाळत राहिला आणि बाकीच्यांपैकी एकाचा जरी पाय मुरगळला, तरी कवायतीची शिट्टी पुन्हा गळ्यात पडणार हे ठरलेलं.

त्या दिवशीही सराव संपायच्या आधी गौतमचंदनं झाडाखालची पुस्तकांची पिशवी उचलली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून भटू ओरडला, "काय शेठ, दुकान उघाडानी येळ व्हयनी का?"

पोरं हसली. निंबानं भर घातली, "बठ्ठा जन पळतस, हाऊ एकलाच घड्याळ देखस."

गौतमचंदही हसला. उंच, सडपातळ, कानाच्या पाळ्या लाल झालेला मुलगा. त्यानं कधी कुणाला उलट उत्तर दिलेलं सरांनी ऐकलं नव्हतं.

"थांब," सर म्हणाले. "इकडे ये."

तो आला. सरांनी वही उघडून त्याचं पान त्याच्यापुढे धरलं. "हे काय आहे?"

"माझा वेळ, सर."

"ऑगस्टातला बघ आणि आजचा बघ. तीन मैलांना एकोणीस मिनिटं लागायला तू काय वरातीत चाललायस का? गेल्या गुरुवारी दोन फेऱ्या जास्त पळवल्या तुला, तरी काही फरक नाही. पळायचं नसेल तर सरळ सांग बाबा. मी रागावणार नाही. पण असं अर्धवट करू नकोस."

"पळायचं आहे, सर."

"मग रोज सगळ्यांच्या आधी पिशवी कशी उचलतोस?"

गौतमचंद पश्चिमेकडे बघत होता. सरांना वाटलं, पोरगा आपल्याकडे लक्षसुद्धा देत नाही. त्यामुळे ते आणखी थोडं बोलले. नंतर आणखी थोडं. बोलून झालं तेव्हा पावणेसहा वाजले होते. मुलगा म्हणाला, "जाऊ, सर?" आणि उत्तराची वाट न पाहता निघाला.

आज याच्या बापालाच गाठायचं, असं ठरवून सरांनी सायकल काढली. गौतमचंद मोहाडीचा होता. मोहाडी गावाच्या त्या टोकाला, आग्रा रोडनं लळिंगच्या बाजूला, मैदानापासून साडेतीन मैल. तिथं भंवरलाल शेठचं किराणा-कापडाचं दुकान होतं, एवढं सरांना माहीत होतं. पोराला वाटेत गाठू, दोघं मिळूनच घरी जाऊ, असा त्यांचा बेत होता.

पुलावर आले तर पोरगा पुलाच्या पलीकडे गेलेला. सरांनी पायडलवर जोर दिला. बाजारात कापसाच्या गाड्या जिनिंगच्या गिरणीकडे जायला रांगेत अडकल्या होत्या, मध्ये टांगे, मध्ये भाजीवाल्या. सर घंटी वाजवत बसले आणि गौतमचंद छातीशी पिशवी धरून बैलांच्या शिंगांमधून, टांग्यांच्या चाकांजवळून पाण्यासारखा निघून गेला. कुणी त्याच्याकडे वळूनही बघत नव्हतं. एक पानवाला फक्त, घड्याळ बघितल्यासारखा, शेजाऱ्याला म्हणाला, "शेठनं पोर गयं. आज उशीर व्हयना त्याले. दिवा पुसाले घे."

बाजार संपला, चढ सुरू झाला. समोरून वारा होता. सरांना पोरगा दिसत होता, दोनशे पावलांवर. मैदानावर पाय ओढणारा तो हा नव्हताच. मान सरळ, पावलं छोटी आणि भरभर, पिशवी हलत नव्हती. सर उभं राहून पायडल मारू लागले. अंतर कमी होईना. त्यांनी मनगटावर पाहिलं, रस्त्याकडेचे मैलाचे दगड पाहिले, आणि मग रागावण्याचं त्यांच्या डोक्यातून निघूनच गेलं.

मोहाडीत ते दुकानापाशी पोहोचले तेव्हा मुलगा आत गेलेला होता. सहा वाजून चार मिनिटं. मैदानावर तीन मैलांना एकोणीस मिनिटं घेणारा पोरगा, पुस्तकं घेऊन, भर बाजारातून, साडेतीन मैल एकोणीसच मिनिटांत आला होता.

दुकानाला लागूनच घराचं दार होतं. आत ओसरीवर गौतमचंद पाटावर बसून जेवत होता, घास जेमतेम चावून गिळत होता. शेजारी त्याची आई, सज्जनबाई, दुसरं ताट पुढ्यात घेऊन बसली होती. तिनंही नुकताच पहिला घास घेतला होता. सरांना पाहून मुलगा उठायला लागला, तसा आईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्टरसाब, बसा. तीन मिनिटं द्या त्याला. मग काय रागवायचं ते रागवा."

सर ओट्यावर बसले. मुलानं पाणी प्यायलं, आईनं पाणी प्यायलं, तांब्या पालथा ठेवला गेला, आणि लळिंगच्या डोंगराकडची किनार लाल होऊन विझली.

दाराच्या चौकटीवर खळीनं चिकटवलेला एक छापील कागद होता. सरांची नजर सहज त्यावर गेली. तारखा आणि त्यांच्यापुढे वेळा. एक सप्टेंबर, सहा बेचाळीस. एक ऑक्टोबर, सहा सतरा. आज, सहा सात. रोज जवळपास एक मिनिट कमी. हे उतरतं पान आपण कुठंतरी पाहिलं आहे, असं सरांना वाटलं. आणि कुठं ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी काखेतली वही हळूच मांडीखाली सारली.

"सूर्यास्ताचं कोष्टक आहे," भंवरलाल शेठ दुकानातून येत म्हणाले. "आमच्यात सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही. सकाळपर्यंत. लहानपणापासूनची सवय आहे त्याची."

"हे मला कुणी सांगितलं नाही," सर म्हणाले.

"मी सांगणार होतो," गौतमचंद म्हणाला. "पण मग तुम्ही मला संघातून सोडलं असतं, की बाबा, तू घरी लवकर जात जा. म्हणून मैदानावर जपून पळायचो. सगळा जोर तिथंच लावला तर घरापर्यंत पुरत नव्हता."

"आणि गेल्या गुरुवारी? मी दोन फेऱ्या जास्त पळवल्या तेव्हा?"

भंवरलाल म्हणाले, "गुरुवारी हे मायलेक उपाशी झोपले. याची आई हा जेवायला बसल्याशिवाय पान वाढून घेत नाही. ही तिची सवय. कुणी सांगितलेली नाही, पण सुटत नाही."

"मला काही झालं नाही," सज्जनबाई म्हणाली. "उपासाची आम्हाला सवय आहे. पण पोरगा रात्रभर कूस बदलत होता. माझ्यासाठी."

हिलाल सर ओट्यावरून उठायला लागले. भंवरलालनी त्यांना थांबवलं. "एक विचारू, मास्तर? या पळण्यानं कुणाचं पोट भरलं आहे?"

"शेठ, तुमचा मुलगा रोज पोटासाठीच पळतो," सर म्हणाले, आणि सज्जनबाई पदर तोंडाला लावून हसली.

सरांनी घरी जाऊन सगळं बायकोला सांगितलं. सुगंधाबाई दाणे निवडत होती. ती म्हणाली, "मग सराव पहाटे ठेवा." पण पहाटे भटू गावातून दुधाच्या बरण्या घेऊन येत असे, त्याला ते जमलं नसतं. दुपार प्रात्यक्षिकांत जायची. पाच वाजल्याशिवाय एकही मुलगा सुटत नव्हता. सर पंचांग आणि वही शेजारी शेजारी ठेवून बसले. मुलाची वेळ बदलता येत नव्हती आणि सूर्याची तर नाहीच. राहता राहिलं मैदान.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहाही जणांना झाडाखाली गोळा केलं आणि काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. मग म्हणाले, "आजपासून सराव मैदानावर नाही. पाच वीसला इथून निघायचं आणि गौतमला मोहाडीला पोहोचवायचं. सगळ्यांनी. येताना रमतगमत या."

निंबा म्हणाला, "सर, त्याले पोचाडाले पाच जन कशाले? तो काय नवरी शे?"

"तुला त्याच्या मागं राहायचं असेल तर मागं राहा," सर म्हणाले.

पहिल्या दिवशी भटू सगळ्यांच्या पुढे राहिला, पण घाम गाळून. दारात उभा राहून धापा टाकत तो म्हणाला, "सर, हाऊ माले बजारमा मांगे टाकी गया व्हता. चढवर धरा मी त्याले." आणि गौतमची पुस्तकांची पिशवी त्या दिवसापासून भटू स्वतः सरांच्या सायकलच्या कॅरिअरला बांधू लागला, तेही कुणाला न सांगता.

सज्जनबाईनं पोरांना ओट्यावर बसवून गरम फुलके दिले, वर तूप आणि गूळ.

"काकू, आमच्यासाठी घाई नका करू," भटू म्हणाला. "आम्हाला सूर्य मावळल्यावरही चालतं."

"तुम्हाला चालतं, माझ्या चुलीला चालत नाही," ती म्हणाली. "सूर्य गेला की चूल विझली. ज्याला गरम पाहिजे त्यानं आधी यावं."

हिलाल सर पुढे अनेक वर्षं म्हणायचे की त्यांच्या हातून झालेलं निम्मं शिकवणं या एका वाक्यानं झालं. ऑक्टोबरच्या मध्याला पाच वीसला निघून सूर्यास्ताला पाऊण तास असायचा. पोरं गप्पा मारत, एकमेकांच्या टोप्या उडवत पळायची. दिवस सरकत गेले तसा पाऊण तासाचा अर्धा तास झाला. नोव्हेंबर लागला आणि गप्पा बंद झाल्या. बोलायला दम राहत नव्हता. सर कुणाला जोरात पळ म्हणून सांगत नव्हते. सायकलवर बसून ते मागून येत आणि चढाला लागलं की एवढंच म्हणत, "खांदे सोडा. चूल पेटलेली आहे."

भंवरलाल शेठ आधी दुकानातून नुसते बघत. मग एकदा गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ओट्यावर आले. मग रोजच येऊ लागले. दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ ते रेडिओच्या बातम्यांवर लावत, त्यामुळे त्यांचा त्याच्यावर फार भरवसा. पाच वीस वजा करून ते एकेकाला दारातच वेळ सांगत. "भटू, अठरा मिनिटं! निंबा, काल बरा होतास रे." घरात मुलांच्या अंगावर कधी हात न फिरवणारा हा माणूस निंबाच्या पोटरीला तिळाचं तेल लावा म्हणून दुकानातली बाटली काढून देऊ लागला.

रविवारी सकाळी उजाडल्यावर लळिंगच्या पायथ्यापर्यंत लांब पळणं व्हायचं. वहीतली पानं आता सहाही एका दिशेनं चालली होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संघ एस.टी.नं जळगावला गेला. शर्यत मेहरूण तलावाभोवती, सहा मैल, तीन मैलांचे दोन फेरे. साडेतीनला सुरू होणार होती. गौतमचंदनं सकाळी नीट खाल्लं होतं. शर्यत संपवून, निवांत जेवून सूर्यास्ताच्या आत सगळं आटोपलं असतं. सज्जनबाईही आली होती, जळगावात तिची बहीण पानबाई राहत असे तिच्याकडे. "मी इथं वेळेवर जेवून घेईन," तिनं मुलाला सकाळीच सांगितलं होतं. "आज माझी काळजी करत पळू नकोस."

पण प्रमुख पाहुणे वेळेवर आले नाहीत. साडेतीनचे चार झाले, चारचे साडेचार. बारा कॉलेजांची पोरं पाय झाडत उभी राहिली. पाच वाजता मोटार आली, हार झाले, दोन शब्द झाले, आणि पाच वाजून सात मिनिटांनी इशारा झाला. सरांनी आधीच पाहून ठेवलं होतं: सूर्यास्त पाच सेहेचाळीस.

"आज उपास पडेल रे," निघायच्या आधी ते गौतमला म्हणाले.

"चालेल, सर. आई जेवली असेल."

तो शांतपणे म्हणाला. सरांना तेच नको होतं. गेले दोन महिने हा मुलगा ज्या दोरीनं ओढला जात होता ती दोरी आज कुणाच्याच हातात नव्हती.

पहिल्या फेऱ्याला त्यांची भीती खरी ठरली. भटू तिसरा होता. बाकीचे विसाच्या आत-बाहेर. गौतमचंद चाळिसाव्या जागी, जुन्या मैदानावरच्या चालीनं, कुठंच जायचं नसल्यासारखा. सरांनी बोटांवर बेरीज केली. सहावा म्हणून चालेल, पाचवा म्हणून नाही.

इतक्यात बांधावरून सज्जनबाई येताना दिसली. हातात दोन पुडांचा डबा आणि पितळी तांब्या.

"त्याचं झालं का?" तिनं विचारलं.

"अजून एक फेरा आहे. उशीर झाला. तुम्ही जेवलात ना?"

तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला. "पानबाईनं वाढलं होतं. पण कोणीतरी सांगितलं की पोरं अजून उभीच आहेत. मग घास कसा उतरणार. मी भरूनच घेऊन आले."

सर तिच्याकडे पाहत राहिले आणि मग समोरच्या वळणाकडे. तिथून दुसऱ्या फेऱ्याला मुलं अगदी जवळून जाणार होती. हिला नुसतं त्या वळणावर उभं केलं, हातात तो न उघडलेला डबा असू दिला, की काम झालं. बोलायचीही गरज नव्हती. गौतम आईला उपाशी पाहील आणि वाऱ्यासारखा पळेल, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं माहीत होतं. त्यांची नोकरी, ते मैदान, पुढं येणारी सगळी पोरं, सगळं त्या वीस पावलांवर होतं.

आणि तो गुरुवारही त्यांना आठवत होता. दोन जादा फेऱ्या आणि दोन उपाशी माणसं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही इकडे या झाडामागं बसा. त्याला दिसू नका. अजून वीस मिनिटं आहेत, तुम्ही खाऊन घ्या."

"मी बसते. खायचं माझं मी बघते," ती म्हणाली, आणि झाडामागं जाऊन तलावापलीकडच्या सूर्याकडे बघत बसली. डबा उघडला नाही.

सर एकटेच वळणावर येऊन उभे राहिले.

साडेचार मैलांवर निंबा लंगडताना दिसला. पोटरीत गोळा आला होता. डोळ्यांत पाणी, पण थांबायला तयार नाही. "जोर लावू नको, हळू ये," सर त्याला म्हणाले. "पण शेवटपर्यंत ये." म्हणजे आता पाचच उरले, आणि पाचवा गौतम.

तो आला. सरांनी त्याच्याबरोबर दहा पावलं टाकली. आईचं नाव त्यांच्या जिभेवर आलं होतं. ते म्हणाले, "गौतम, निंबाचा पाय गेला. तू पाचवा आहेस. बाकीचे पुढं गेलेत."

एवढंच.

मुलानं बाजूनं लंगडणाऱ्या निंबाकडे पाहिलं, मग पुढं, जिथं कॉलेजाचे निळे बनियन झाडांमधून दिसत-नाहीसे होत होते. आणि सरांना त्याची पावलं छोटी होताना दिसली. छोटी आणि भरभर. मान सरळ झाली. मोहाडीच्या चढावर दिसायची ती चाल. पुढचे दोघं गेले, मग चौघांचा एक घोळका गेला, आणि मग तो बांधाच्या पलीकडे दिसेनासा झाला.

शेवटच्या रेघेपाशी सर उभे होते तेव्हा सज्जनबाई येऊन शेजारी उभी राहिली. सर घड्याळाकडे पाहत होते, ती सूर्याकडे. दोघांचीही मोजणी एकच चालली होती. भटू दुसरा आला. नंतर आपले आणखी दोन, मग एक. मग अनोळखी रंगांची रांग. आणि त्या रांगेला बाहेरून ओलांडत, शेवटच्या पन्नास पावलांत आणखी तिघांना मागे टाकत गौतमचंद आला. बाविसावा.

तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, मग वर पाहिलं तर समोर आई.

"तू जेवली नाहीस," तो म्हणाला.

"सहा मिनिटं आहेत," ती म्हणाली. "बस."

दोघं तिथंच गवतावर बसली. बाकीची पोरं पाणी पीत होती, ओरडत होती, पंच कागद घेऊन फिरत होते, आणि त्या गडबडीत एक आई आणि तिचा मुलगा भरभर, न बोलता जेवत होते. शेवटचं पाणी पिऊन झालं आणि तलावावरचा उजेड गेला. निंबा लंगडत लंगडत तेवढ्यात पोहोचला. त्रेपन्नावा. त्याचा क्रमांक मोजायचा नव्हता, तरी टाळ्या सगळ्यांत जास्त त्यालाच पडल्या.

बेरीज जाहीर व्हायला अर्धा तास लागला. धुळ्याचा संघ तिसरा. चौथ्या संघाची बेरीज दोननं जास्त होती. म्हणजे गौतमनं शेवटच्या पन्नास पावलांत तिघांना मागे टाकलं नसतं तर कवायतीची शिट्टी नक्की होती.

परतीच्या बसमध्ये सर त्याच्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "आई आली आहे हे तुला माहीत नव्हतं. जेवण तर गेलंच असं तू धरून चालला होतास. मग शेवटी एवढं कशासाठी पळालास?"

गौतम म्हणाला, "भटू आणि ते सगळे पुढं दिसले, सर. मला वाटलं, हे गरम फुलके संपवणार."

मागच्या बाकावरून भटू म्हणाला, "संपाडताच आम्ही."

सर खिडकीतून बाहेर बघू लागले. आधी हा मुलगा एकटा पळत होता, घराच्या ओढीनं. आता त्याला पुढच्या माणसांचीही ओढ लागली होती. हे कुठल्या सरावानं झालं, ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.

प्राचार्यांनी शब्द पाळला. क्रिकेटला मैदानाची पूर्वेकडची बाजू मिळाली आणि तेवढी त्यांना पुरली. पुढच्या वर्षी संघ दुसरा आला, त्याच्या पुढच्या वर्षी पहिला. १९७८पर्यंत त्या शर्यतीच्या पहिल्या क्रमांकाची ढाल सात वेळा धुळ्याला आली आणि हिलाल सरांचं नाव शिरपूरपासून पार भुसावळपर्यंत झालं. दुसऱ्या कॉलेजांचे शिक्षक त्यांच्याकडे पद्धत विचारायला येत. किती मैल पळवता, काय खायला देता, आठवड्यातून विश्रांती किती. सर सगळं खरं खरं सांगत. शेवटी म्हणत, "आणि नवा मुलगा आला की पहिला आठवडा घड्याळ खिशात ठेवायचं. संध्याकाळी त्याच्या मागं मागं जायचं. तो घरी कसा जातो ते बघायचं." बहुतेकांना ही थट्टा वाटायची.

१९७४ साली मुलींचा संघ सुरू झाला तेव्हा नरडाण्याची कुसुमलता मैदानावर अजिबात चमकत नव्हती. सर आठवडाभर तिच्या मागं गेले. ती रोज धावत जाऊन निघालेली बस पकडायची, आणि थैलीतली भाजी कधी सांडायची नाही. त्यांनी तिला शेवटच्या अर्ध्या मैलाची राणी केली.

दर वर्षी दिवाळीनंतर मोहाडीहून एक घडी घातलेला कागद येई, नव्या वर्षाचं सूर्यास्ताचं कोष्टक. गौतमचंद आता दुकानात बसत होता आणि पोरं पोहोचायच्या वेळेला, पाच वाजून अडतीसला, गल्ला मिटून ओट्यावर येत होता, वडिलांच्या जागी. सर तो कागद मैदानावरच्या खोलीच्या दारावर खळीनं चिकटवत. नवी पोरं तो वाचत आणि विचारत, "सर, हे काय?"

"आपलं वेळापत्रक," सर सांगत. मग ते नव्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवत आणि विचारत, "तू कुठला रे? चल, आज तुझ्याबरोबर येतो."